मौजे, तालुका, जिल्हा : आपल्या उपनगराचा इतिहास शोधण्याची रीत

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला त्याच्या भागाचा इतिहास विचारला, तर ‘पूर्वी इथे सगळे जंगल होते’ किंवा ‘सगळी शेती होती’ एवढे उत्तर बहुधा मिळते आणि मग गोष्ट थेट पहिल्या गृहनिर्माण संस्थेपासून सुरू होते. हे उत्तर खोटे नाही, पण ते फार लवकर थांबते. शेती होती तर शेतांना नावे होती, सारा भरणारी माणसे होती, गावाला वेस होती आणि विहीर कोणीतरी खर्च करून बांधलेली होती. यातील बऱ्याच गोष्टींची नोंदही झालेली आहे. मात्र ती आज आपण वापरतो त्या नावाखाली सापडत नाही, आणि अनेकदा आजच्या जिल्ह्याखालीही सापडत नाही. म्हणून या कामात जुने नाव आणि जुना जिल्हा शोधणे हे सर्वांत आधी करायचे असते. बाकीच्या पायऱ्या त्यानंतर येतात.

पुढील रीत साष्टी बेटावरील उपनगरांसाठी, म्हणजे पश्चिमेला वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या भागासाठी लिहिली आहे. इतिहासाची पदवी नसलेल्या, पण सुट्टीचे दिवस आणि चिकाटी देऊ शकणाऱ्या वाचकाला ती नजरेसमोर ठेवून आहे.

कपाटातील करारनाम्यापासून सुरुवात

घरातील सदनिकेचा करारनामा बाहेर काढावा आणि शेवटच्या पानांवरील मालमत्तेचे वर्णन वाचावे. तेथे ‘मौजे’ हा शब्द शोधावा. गोरेगावात राहणाऱ्याला ‘मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली’ असे सापडेल. पवईच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांपैकी काहींना ‘मौजे तिरंदाज’ किंवा ‘मौजे कोपरी’ दिसेल, विक्रोळीत अनेकांना ‘मौजे हरियाली’, तर अंधेरी पश्चिमेला काहींना ‘मौजे आंबिवली’. ही महसुली गावे आहेत. त्यांच्या शिवारांवर इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यांना थोर पुरुषांची नावे मिळाली, तरी सरकारी दप्तरात जमिनीची ओळख आजही याच नावांनी होते.

आपण पत्त्यात लिहितो ते नाव बहुतेक वेळा रेल्वे स्थानकाचे असते, आणि स्थानकाच्या नावाने आसपासची चार-पाच गावे गिळून टाकलेली असतात. स्थानकांची नावेही बदलली आहेत. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा स्थानकांच्या यादीत गोरेगाव नव्हते, ‘पहाडी’ होते. ज्याला हे ठाऊक नाही तो जुन्या कागदांत गोरेगाव शोधत राहतो आणि काहीच मिळाले नाही म्हणून परत येतो.

वहीच्या पहिल्या पानावर मौजे, तालुका, सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक आणि दिलेला असल्यास जुना सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक लिहून घ्यावा. त्याखाली गावाच्या नावाची जितकी रूपे सापडतील तितकी नोंदवत जावे, कारण पोर्तुगीज, मोडी आणि इंग्रजी लेखकांनी एकच नाव आपापल्या कानाने लिहिले आहे. वांद्र्याचे ‘बांदोरा’ होते, अंधेरीचे ‘अंदारू’ होते, आणि खुद्द साष्टीचे ‘सालसेत’ होते. यात एक फसगत अनेकांची होते. गोव्यातही साष्टी नावाचाच तालुका आहे आणि पोर्तुगीज कागदांत दोन्हींची नावे जवळजवळ सारखी येतात. सापडलेला संदर्भ वसई-ठाण्याकडचा आहे की मडगावकडचा, याची खात्री झाल्याशिवाय तो वहीत उतरवू नये.

गाव कोणत्या वर्षी कोणाकडे होते

कोणत्याही गावाचा कागद त्या काळच्या राज्यकर्त्याच्या दप्तरात असतो, म्हणून राजवटींच्या तारखा येथे केवळ माहितीपुरत्या नसून त्या कचेरीचा पत्ता सांगतात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्यासोबत साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. त्यामुळे पोर्तुगीज काळासाठी पणजीचे पुराभिलेखागार, मराठा अंमलाच्या साडेतीन दशकांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि त्यानंतरच्या काळासाठी मुंबईचे पुराभिलेखागार, अशी वाटणी होते. पहिल्या दोहोंसाठी पोर्तुगीज आणि मोडी वाचता यावी लागते. नवख्याने तिकडे आधी जाऊ नये असे माझे मत आहे. इंग्रजी अंमलातील कागद पुरते हाताळून झाले की मागे जाणे सोपे होते, कारण तोवर गावाच्या नावाची जुनी रूपे ओळखीची झालेली असतात.

इंग्रजी काळातही जिल्हा बदलत गेला. १९२० पर्यंत संपूर्ण साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दक्षिण साष्टीतील गावे वेगळी काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला, तर उत्तरेकडील गावे त्यानंतरही ठाण्याकडे राहिली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पहिल्यांदा उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. आजचा मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये पुन्हा वेगळा झाला. म्हणून बोरिवलीजवळच्या एखाद्या गावाची १८८५ ची नोंद ‘मुंबई’ या शीर्षकाखाली शोधणे व्यर्थ आहे. ती ‘ठाणे जिल्हा, साष्टी तालुका’ या शीर्षकाखाली असते.

याच कारणाने ग्रंथालयात हमखास चूक होते. ‘मुंबईचे गॅझेटियर’ मागितले की १९०९-१० चे तीन खंड समोर येतात. ते मुंबई शहर आणि बेटाचे, म्हणजे माहीम-शीवच्या अलीकडचे आहेत, आणि त्यात अंधेरी किंवा भांडुप शोधणारा निराश होतो. आपल्याला हवे असतात ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरील १८८२ चे तेरावा आणि चौदावा हे खंड. चौदाव्यात गावांची आणि स्थळांची वर्णने दिलेली आहेत. ती छोटी असली तरी त्या वेळी कोणते देऊळ उभे होते, कोणते चर्च पडके होते, तळे कोठे होते हे त्यांतून कळते. हे खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

संपूर्ण उपनगर नव्हे, एक खूण

पहिल्याच दमात अख्ख्या उपनगराचा इतिहास लिहायला घेणाऱ्यांचे काम अर्धवट राहिलेले मी पाहिले आहे. एकच खूण निवडावी आणि ती पुरती वाचावी. खूण म्हणजे किल्ला किंवा लेणेच असायला हवे असे नाही. बुजवलेली विहीर, नाक्यावरचा क्रूस, गावदेवीचे ठाणे, मिठागराचा बांध, जुन्या शाळेची कौलारू इमारत किंवा कोळीवाड्यातील बंदर यांपैकी काहीही चालेल. जोगेश्वरी, मंडपेश्वर, महाकाली आणि कान्हेरी या लेण्यांवर तज्ज्ञांनी भरपूर लिहून ठेवले आहे. आपल्या गल्लीतील विहिरीवर मात्र आपल्याखेरीज कोणी लिहिणार नाही.

निवडलेली खूण आजच्या वस्तीशी विसंगत वाटत असेल तर ती अधिक चांगली. अंधेरीला सीप्झ या निर्यात औद्योगिक क्षेत्राच्या आवारात संत जॉन बाप्टिस्टच्या चर्चचे अवशेष आहेत. १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले आणि तेथील ख्रिस्ती वस्ती मरोळकडे सरकली. १९७३ मध्ये औद्योगिक क्षेत्र झाले आणि चर्च कुंपणाच्या आत राहिले. एवढ्या एका पडक्या वास्तूमागे गेले की साथीचा रोग, गावाचे स्थलांतर, भूसंपादन आणि ईस्ट इंडियन, म्हणजे येथील मूळच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा अशा चार वाटा फुटतात. पूर्ण उपनगराचा इतिहास अशाच चार-पाच खुणांमधून हळूहळू विणला जातो.

पायी फिरणे आणि दगड वाचणे

खूण ठरल्यावर तिच्याभोवतीचा अर्धा किलोमीटर परिसर निदान तीनदा पायी फिरावा : एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर. पावसानंतरची फेरी टाळू नये. जेथे पाणी तुंबते तेथे बहुधा जुना ओढा, तळे किंवा खाजण (खाडीचे पाणी शिरणारी सखल जमीन) असते, आणि जुने गावठाण जवळजवळ नेहमी त्याच्या बाजूच्या उंचवट्यावर असते. सरळ रेषेतील आखीव रस्त्यांमध्ये अचानक वळणारी, कोठेही न रुंदावणारी गल्ली दिसली तर ती गावठाणाची असण्याचा संभव मोठा असतो.

बांधकामाचे साहित्यही बोलते. काळा बेसॉल्ट आणि पिवळसर-तपकिरी मालाड दगड डोळ्यांनी सहज वेगळे ओळखता येतात. जोते काळ्या दगडाचे, भिंत विटांची आणि वरचा मजला सिमेंटचा असेल, तर त्या घराची तीन आयुष्ये झाली आहेत असे समजावे आणि प्रत्येकाचा काळ निराळा शोधावा.

येथे कौलांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यांनी मला एकदा फसवले आहे. एका गावठाणात घर पाडण्याचे काम चालू होते आणि उतरवलेली कौले अंगणात रचून ठेवली होती. एक उलटून पाहिले. पाठीवर चुलीच्या धुराचा काळा थर, कडेला वाळलेले शेवाळ आणि मध्यभागी उठावाच्या रोमन अक्षरांत कारखान्याचे नाव व त्याखाली १८६५ हा आकडा होता. घर १८६५ चे आहे असे मी वहीत लिहून टाकले. पुढे कळले की १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे आणि ते त्यानंतर कित्येक दशके घडवलेल्या कौलांवरही छापले जात होते. घर त्याहून खूप नंतरचे निघाले. तेव्हापासून कौलावरील, लोखंडी खांबावरील किंवा फरशीवरील आकडा हा ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो, असे मी धरून चालतो. शिवाय कौले एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात, त्यामुळे तेवढेही निश्चित नसते.

कोरीव लेख वाचण्याची एक साधी युक्ती आहे. झिजलेला लेख दुपारच्या उन्हात सपाट दिसतो. अंधार पडल्यावर जावे आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने, तिरपा प्रकाश टाकावा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि दिवसा न दिसलेले आकडे वर येतात. गावठाणातील एका क्रुसाच्या चौथऱ्यावर दिवसा ‘१८४७’ वाचले होते, ते विजेरीच्या प्रकाशात स्पष्टपणे ‘१८९७’ निघाले. त्या पन्नास वर्षांनी क्रुसाचा अर्थच बदलला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात वांद्रे व साष्टीच्या गावांतून ठिकठिकाणी प्लेगच्या संकटात क्रूस उभारले गेले. दिवसाच्या वाचनावर थांबलो असतो, तर तो क्रूस या मालिकेतून सुटला असता.

लेखाचा फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो घ्यावेत आणि मजकूर ओळींप्रमाणे, चुकांसकट, जसाच्या तसा उतरवावा. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू, रंग किंवा शेंदूर लावू नये. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासल्यास तर लेख कायमचा जातो.

लेखातील सन बहुतेक वेळा इसवी नसतो. शके असेल तर ७८ मिळवावेत, मात्र वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी ७९ धरावे. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावेत. पारशी अग्यारीत किंवा विहिरीवर यज्दगर्दी सन असतो, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवावेत. मराठा अंमलातील कागदांवर सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावेत. हिजरी सन चांद्रवर्षाचा असल्यामुळे तो अशा बेरजेने काढू नये, जंत्री पाहावी. आणि सन कोणताही असो, तो मूळ बांधकामाचा आहे की जीर्णोद्धाराचा, हे लेखाच्या शब्दांवरूनच ठरवावे. देवळांवरील संगमरवरी पाट्या बहुतेक जीर्णोद्धाराच्या असतात.

वीरगळ (वीराचा स्मृतिदगड), गधेगळ (शापवचन कोरलेला दगड) किंवा मूर्ती सापडली तर ती हलवू नये, घरी आणू नये. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे प्रसंग कोरलेले आहेत आणि ते शिलाहार काळाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जातात. असा दगड जागेवरून हलला की त्याचा निम्मा अर्थ हरवतो. पुरातन वस्तूंना १९७२ चा केंद्रीय कायदाही लागू होतो. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला फोटो आणि ठिकाणासह लेखी कळवावे आणि पत्राची प्रत जपून ठेवावी.

जमिनीचे कागद

माझ्या मते उपनगराच्या इतिहासाचे सर्वांत भक्कम आणि सर्वांत कमी वापरलेले साधन हे आहे. लोक सातबारा आणि मालमत्ता पत्रक फक्त व्यवहारासाठी काढतात, पण त्यात गावाची आठवण साठलेली असते.

आधी सीटीएस क्रमांकावरून मालमत्ता पत्रक काढावे. त्यावरील नोंदी सर्वांत जुन्या नोंदीपासून क्रमाने वाचाव्यात. मग नगर भूमापन कार्यालयात जुना सर्व्हे क्रमांक आणि नवा सीटीएस क्रमांक यांचा मेळ दाखवणारा तक्ता मागावा. जुना सर्व्हे क्रमांक हाती आला की नगर भूमापनाच्या आधीचा सातबारा आणि फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) शोधता येतात. जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिल्या जात आहेत. तेथे न मिळाल्यास तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात अर्ज करावा. अर्जात ‘माझ्या गावाचा इतिहास हवा’ असे लिहिल्यास उत्तर मिळत नाही. गाव, सर्व्हे क्रमांक, वर्षांचा पल्ला आणि नमुन्याचे नाव नेमके लिहावे.

जुन्या सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. कित्येकदा तो कोरा असतो, पण भरलेला असेल तर त्याचे मोल मोठे आहे. त्यात झाडाचे, तळ्याचे किंवा देवाचे नाव येते आणि आज जेथे वाहनतळ आहे तेथे काय होते ते एका शब्दात कळते. ‘इतर हक्क’ या रकान्यात विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, कुळाचे नाव सापडते. गावनकाशा मिळाला तर त्यावरील खुणा एकेक करून आजच्या नकाशावर बसवाव्यात : मसणवटा, गुरचरण, मिठागर, खाजण, गाडीवाट. गाडीवाटेवर आजचा रस्ता गेलेला दिसेल, आणि गुरचरणाच्या जागेवर पुष्कळदा शाळा, मैदान किंवा सरकारी वसाहत दिसेल.

साष्टीच्या बाबतीत खोती गावे हा विषय निराळा समजून घ्यावा लागतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात येथील अनेक गावे मुंबईच्या धनिकांना, विशेषतः पारशी व्यापाऱ्यांना, पट्ट्याने दिली. पवई फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे गेली ती अशीच. या मालमत्तांच्या जमीन महसुलातील सवलती रद्द करणारा साष्टी इस्टेटींचा कायदा १९५१ मध्ये झाला. त्यामुळे पन्नासच्या दशकातील फेरफार नोंदी बारकाईने वाचाव्यात. इस्टेट कोणाची होती आणि शेत कोण कसत होता, ही दोन्ही नावे एकाच पानावर मिळण्याची शक्यता तेथे असते. कसणाऱ्याचे नाव आवर्जून उतरवावे. रस्त्यांना आणि वसाहतींना मालकांची नावे मिळाली आहेत, कुळांची नावे मात्र अनेकदा या नोंदीपलीकडे कोठेही नाहीत.

नकाशे, गृहसंस्था आणि अभिलेखागार

मुंबईतील पुराभिलेखागार काळा घोडा परिसरात एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. ओळखपत्र आणि अभ्यासाचा हेतू सांगणारा अर्ज घेऊन जावे, आणि पहिल्या दिवशी फक्त सूची पाहावी. महसूल, सार्वजनिक बांधकाम आणि रेल्वे या विभागांच्या सूचींत गावाचे नाव शोधावे. पहिल्या दिवशी फाईल मागवण्याची घाई केली की दिवस फुकट जातो.

एकाच जागेचे वेगवेगळ्या दशकांतील नकाशे जवळ ठेवून पाहिले तर हरवलेल्या गोष्टी दिसू लागतात. १९२८ मध्ये तुर्भ्यापासून (ट्रॉम्बे) कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत एक रेल्वे सुरू झाली आणि १९३४ मध्ये ती बंद पडली. आज तिचा मागमूस जमिनीवर जवळपास नाही आणि तिच्या वाटेतील काही जागा पुढे विमानतळाखाली गेली. सहा वर्षे धावलेल्या या रेल्वेची ओळख त्या मधल्या काळातील नकाशांवरूनच होते. विहार तलावाचेही असेच आहे. १८६० मध्ये तो पूर्ण होण्याआधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवला की पाण्याखाली गेलेले शिवार समजते.

विसाव्या शतकासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थांची आणि शिक्षणसंस्थांची इतिवृत्ते फार उपयोगी आहेत. वांद्र्याची साल्सेट कॅथलिक संस्था १९१८ ची आहे. पार्ल्यात १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ सुरू झाला. आपल्या भागातही अशी संस्था असतेच. तिच्या सभांच्या इतिवृत्तात नळ कधी आला, दिवे कधी लागले, डासांसाठी कोणती विहीर झाकली याची चर्चा तारखेसह असते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मागावी, पण तेवढ्यावर थांबू नये. स्मरणिकेत वाद आणि तक्रारी गाळलेल्या असतात, इतिवृत्तात त्या असतात.

महिकावतीची बखर इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. तिच्यात साष्टीतील गावांची नावे येतात, त्यामुळे गावाच्या नावाचे जुने रूप पाहण्यासाठी ती जरूर चाळावी. तिच्यातील सनांवर मात्र दुसऱ्या पुराव्याशिवाय विसंबू नये.

माणसांशी बोलणे

कागद आधी आणि मुलाखती नंतर, असा क्रम मी सुचवतो, पण फार उशीर करू नये. नव्वदीतील आजी पुढच्या पावसाळ्यात असतीलच असे नाही. थोडे कागद पाहून, गावाचे जुने नाव आणि दोन-चार शेतांची नावे माहीत करून घेऊन जावे. ते नाव आपल्या तोंडून ऐकले की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो आणि बोलणे वेगळ्या पातळीवर सुरू होते.

‘किती साली?’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर अंदाजे येते आणि ते एकदा लिहिले की खरे होऊन बसते. त्याऐवजी घटनेला धरून विचारावे : ‘आजी, गोदीत स्फोट झाला तेव्हा ही विहीर उघडी होती का?’, ‘काका, गिरण्यांचा संप झाला तेव्हा इथे चाळ उभी होती का?’ गोदीतील स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, गिरणी संप जानेवारी १९८२ पासूनचा, जलप्रलय २६ जुलै २००५ चा. या ठाम तारखांच्या मध्ये आठवण बसवता येते. स्वतःचे लग्न, थोरल्या मुलाचा जन्म, घरात वीज आली तो दिवस, याही चांगल्या खुणा आहेत.

पाण्याविषयी बायकांना विचारावे. कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणत्या विहिरीवर कपडे धूत, उन्हाळ्यात किती पायऱ्या उतराव्या लागत, हे त्यांना घरातील कोणत्याही पुरुषापेक्षा नेमके ठाऊक असते. कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत, हेही विचारावे. प्रश्न अवघड आहे, पण तो टाळला की गावाचा इतिहास अर्ध्या वस्तीपुरताच राहतो. त्याच न्यायाने कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन आणि वारली या जुन्या वस्त्यांबरोबर चाळींत आणि झोपडपट्टीत पन्नास वर्षे काढलेल्यांनाही विचारावे. वस्ती अनधिकृत ठरली असेल, पण तेथील माणसांनी घालवलेले आयुष्यही या जागेचा इतिहासच आहे.

ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्यावी आणि ती ध्वनिफितीच्या सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात नोंदवावी. घरातील जुना फोटो बाहेर नेऊ नये. तेथेच, खिडकीपाशी, काच काढून, सावली न पडेल असा त्याचा फोटो घ्यावा आणि मागील बाजूचाही घ्यावा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे तेथे असतात. जमिनीचे वाद चालू असलेल्या घरात मालकीविषयी विचारू नये. कोणी आपणहून सांगितले तरी ते छापू नये.

ताळा घेणे

जमवलेली प्रत्येक गोष्ट वहीत तीन रकान्यांत लिहावी : काय सांगितले, कोणी किंवा कशाने सांगितले, आणि ते कशाशी जुळले. दोन स्वतंत्र साधनांनी तेच सांगितले असेल तरच विधान ठामपणे लिहावे. ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. चार पुस्तिकांत एकच वाक्य असेल आणि चौघांनी ते १८८२ च्या गॅझेटियरातून घेतले असेल, तर ते एकच साधन ठरते.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती हा सर्वांत मोहाचा भाग आहे. बोरीची झाडे होती म्हणून बोरिवली, कुर्ल्या (खेकडे) मिळत म्हणून कुर्ला, बंदर होते म्हणून वांद्रे, असे अर्थ पटकन पटतात आणि त्यांतील काही बरोबरही असतील. नावाचे सर्वांत जुने लिखित रूप आधी शोधावे आणि मग अर्थाकडे वळावे. ते सापडले नसेल तर ‘असे सांगितले जाते’ एवढेच लिहावे. दंतकथेचेही तसेच. चर्चपासून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याची कथा जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते. ती गाळू नये, सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावी, मात्र वास्तूच्या इतिहासात मिसळू नये.

लिहून ठेवणे

पहिला मजकूर एका खुणेपुरता, आठ-दहा पानांचा लिहावा. सुरुवातीला आजचे ठिकाण इतके नेमके सांगावे की पन्नास वर्षांनी इमारती बदलल्या तरी जागा सापडेल : मौजे, सीटीएस क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि न हलणाऱ्या दोन गोष्टींपासूनचे अंतर. नाक्याचे किंवा दुकानाचे नाव पुरत नाही. घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग झाला आणि आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग, हे आज अनेकांना सांगावे लागते.

खूण वारसा यादीत आहे का ते पाहावे. १९९५ च्या नियमावलीनुसार बृहन्मुंबईतील वारसा वास्तूंच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. यादीत नसेल आणि पुनर्विकास जवळ आला असेल, तर लेख पूर्ण होण्याची वाट न पाहता मोजमापे, फोटो आणि एक साधा आराखडा आधी करून घ्यावा.

मजकूर तयार झाल्यावर ज्यांनी माहिती दिली त्यांना तो वाचून दाखवावा. वाचून दाखवताना ‘नाही, ती विहीर या बाजूला होती’ अशा दुरुस्त्या हमखास निघतात. नंतर छापील प्रती काढाव्यात : एक माहिती देणाऱ्या घरी, एक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात, एक शाळेच्या ग्रंथालयात आणि एक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या संग्रहात. मूळ ध्वनिफिती आणि फोटो दोन वेगळ्या ठिकाणी, दिनांक, मौजे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहिलेल्या यादीसह ठेवावेत. सांगणाऱ्याने नाव देण्यास नकार दिला असेल तर तेथे फक्त मुलाखतीचा क्रमांक लिहावा.